इंधनदाबाचे आकडे नाचतात तेव्हा पंप बदलण्याआधी काय तपासावे

शहादा तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. संच आणून स्वतः जोडलेले दोन आसनी, खालच्या पंखांचे विमान. त्याला रोटॅक्स ९१२ यूएलएस हे १०० अश्वशक्तीचे, दोन कार्ब्युरेटरांचे इंजिन. टाक्या पंखांत, एक यांत्रिक पंप इंजिनावर आणि एक विजेवरचा मदतनीस पंप फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या आगरोधक भिंतीवर. उड्डाणाचे सुमारे २५ तास झाले आहेत. तक्रारी तीन आहेत. इंजिन सुरू केल्यापासून कॉकपिटमधल्या पडद्यावरचा इंधनदाब ०.२ आणि ०.५ बार यांच्या दरम्यान सारखा उड्या मारतो. रेडिओवर बोलण्यासाठी बटण दाबले की आकडा एकदम शून्यावर जातो आणि सोडले की परत येतो. शिवाय दुपारच्या उड्डाणात अर्ध्या-पाऊण तासाने दाब हळूहळू उतरत ०.१ बारपर्यंत येतो आणि मदतनीस पंप लावला की सावरतो. इंजिन एकदाही अडखळलेले नाही. तेव्हा यांत्रिक पंप बदलून टाकावा का, असे प्रश्नकर्त्यांनी विचारले आहे. सेन्सर एकाच वायरचा, १० ते १८० ओहमचा, ० ते १० बार पल्ल्याचा असून तो इंजिनावरच्या टी-जोडात थेट आवळलेला आहे, हे त्यांनी जाता जाता कळवले आहे. उत्तराचा अर्धा भाग त्या एका ओळीतच आहे.

पंप बदलू नका. निदान आत्ता तरी नाही. आपल्या तीन तक्रारी हा एकच रोग आहे असे धरून आपण चालला आहात, आणि गोंधळ तिथेच झाला आहे. पहिल्या दोन तक्रारी जवळजवळ निश्चितपणे वायरिंगच्या आणि सेन्सरच्या निवडीच्या आहेत. त्यांत पेट्रोलचा दोष नाही. तिसरी मात्र खऱ्या दाबाची आहे असे मी मानतो. पहिल्या दोघींमुळे आकड्यावरचा आपला विश्वास उडालेला असल्यामुळे तिसरीकडे “हाही सेन्सरचाच खेळ” म्हणून दुर्लक्ष होण्याचा धोका आहे. माझ्या पाहण्यात हे एकदा घडलेले आहे: गेज खोटे बोलते हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून ज्या दिवशी ते खरे बोलले त्या दिवशी कोणी ऐकले नाही. विमान केळीच्या बागेत उतरले, माणसे बचावली, आणि गाळणीत टाकीच्या आतल्या लेपाचे सोलपट निघाले. म्हणून तिसरी तक्रार निकालात निघेपर्यंत हे विमान जमिनीवरच राहू द्यावे.

या इंजिनाला दाब किमान ०.१५ आणि कमाल ०.४ बार लागतो. नव्या पद्धतीच्या पंपाला वरची मर्यादा ०.५ बार दिलेली आहे. आपल्या पंपावरचा क्रमांक पाहून आपल्याला कोणती मर्यादा लागू होते ते इंजिनाच्या पुस्तकात आधी पाहावे, कारण जुन्या पंपाला ०.४५ हा आकडा दोष ठरतो आणि नव्याला तो चालतो. लक्षात घेण्याची गोष्ट ही की सगळा हिरवा पट्टा, म्हणजे किमान ते कमाल यांमधला सुरक्षित पल्ला, जेमतेम पाव बारचा आहे. आपला सेन्सर १० बारचा, म्हणजे मुळात तेलाच्या दाबासाठी योग्य असलेला. त्याचा १७० ओहमांचा पल्ला १० बारवर पसरलेला आहे, म्हणून एका बारला सुमारे १७ ओहम मिळतात आणि आपला अख्खा हिरवा पट्टा चार-सव्वाचार ओहमांत बसतो. एखाद्या गंजलेल्या थिंबलने (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीने) किंवा सैल नटाने वाटेत एक ओहमाची भर घातली, तर पडद्यावर ०.०६ बारचा फरक दिसतो. दोन ओहमांनी ०.१२ बारचा. इंजिनाच्या थरथरीबरोबर असा सांधा क्षणाक्षणाला सुटत-धरत असेल तर आकडा नाचणारच. सोन्याचे वजन करायला कापसाच्या गाठींचा वजनकाटा घेतला तर दोष सोन्याला देता येत नाही.

एकाच वायरचा सेन्सर म्हणजे त्याची दुसरी वायर हे खुद्द इंजिन असते. सेन्सरच्या आट्यांमधून टी-जोडात, तिथून इंजिनाच्या बॉडीत, इंजिनावरून अर्थच्या पट्ट्याने बॅटरीपर्यंत आणि बॅटरीपासून पडद्याच्या अर्थपर्यंत, असा परतीचा रस्ता तयार होतो. टी-जोड बसवताना आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळली असेल तर रस्त्याच्या पहिल्याच पावलावर अडसर घातला गेला. (इंधनाच्या जोडांवर टेफ्लॉनची पट्टी वापरूच नये, कारण तिचे तंतू सुटून कार्ब्युरेटरच्या सुईखाली अडकतात. इंधनाला चालणारा लेप मिळतो, तो आट्यांच्या टोकाची पहिली वेटोळी सोडून लावावा.) पुढे इंजिन आणि इंजिन माउंट यांच्यामध्ये रबर असते, म्हणून वीज तिथून जात नाही, तिला जाड पट्टाच लागतो. हा पट्टा रंगावर आवळलेला असेल, तर तो दिसायला जोडलेला आणि कामाला तुटलेला असतो.

रेडिओच्या तक्रारीचे मूळ याच रस्त्यावर असावे. रेडिओवर बोलताना तो ऐकण्याच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त विद्युतप्रवाह घेतो. पडद्याची आणि रेडिओची अर्थ जर पॅनेलमागे एकत्र करून एकाच बारीक वायरने बॅटरीकडे नेलेली असेल, तर त्या वायरवर थोडे व्होल्टेज खर्च होते आणि पडद्याची अर्थ इंजिनाच्या तुलनेत व्होल्टचा एखादा दशांश वर उचलली जाते. पडदा सेन्सरवरचे व्होल्टेज स्वतःच्या अर्थपासून मोजतो. त्याची जमीनच वर सरकल्यामुळे सेन्सर त्याला तेवढा खाली दिसतो. पंधरा-सोळा ओहमांच्या सेन्सरवर मुळात फार तर दोन-तीन दशांश व्होल्ट असतात, त्यातला एक दशांश गेला की आकडा शून्य. हाच परिणाम लँडिंग लाइट किंवा स्ट्रोब लावल्यावरही दिसतो का ते पाहावे. दिसला तर अर्थ दोषी. दिवे लावून काही होत नसेल आणि फक्त रेडिओनेच होत असेल, तर अँटेनाच्या जागी डमी लोड (रेडिओची शक्ती लहरींऐवजी उष्णतेत जिरवणारा रेझिस्टर) जोडून पुन्हा बोलून पाहावे: विद्युतप्रवाह तेवढाच राहतो, पण लहरी बाहेर पडत नाहीत. आता आकडा स्थिर राहिला तर दोष लहरींचा आहे. त्यावर सेन्सरची वायर अँटेनाच्या केबलपासून दूर नेणे, ती जाळीच्या आवरणाची घेणे आणि ते आवरण फक्त पडद्याच्या टोकाला अर्थ करणे हा उपाय आहे.

अनुमानावर थांबू नये, म्हणून एक परीक्षा सांगतो. ती करायला दहा रुपयांचेही सामान लागत नाही आणि निकाल मात्र स्पष्ट मिळतो. १५ ओहमचा एक साधा रेझिस्टर घ्या. सेन्सर जागेवर तसाच आवळलेला राहू द्या, फक्त त्याची वायर काढा आणि ती वायर व इंजिनाची बॉडी यांच्यामध्ये हा रेझिस्टर पक्का जोडा. पडद्यावर ०.३ बारच्या जवळपासचा आकडा यायला हवा. विमानाची शेपटी खुंट्याला बांधून, चाकांना अडणी लावून, कॉकपिटमध्ये माणूस बसवून इंजिन सुरू करा, वेग वाढवा-कमी करा, दिवे लावा, रेडिओवर बोला. आता पडद्यामागे पेट्रोलच नाही. एक निर्जीव रेझिस्टर आहे. तरीही आकडा नाचला, तर पेट्रोल, पंप आणि सेन्सर तिघेही निर्दोष सुटले. मग इंजिन बंद करून रेझिस्टरचे इंजिनाकडचे टोक सोडा आणि एक वेगळी वायर ओढून ते थेट पडद्याच्या अर्थला जोडा. पुन्हा तीच फेरी करा. पहिल्या वेळी नाचणारा आकडा दुसऱ्या वेळी खिळल्यासारखा उभा राहिला, तर इंजिनाची अर्थ हाच गुन्हेगार. दोन्ही वेळा नाचला, तर सेन्सरची वायर, तिचा पडद्यामागचा कनेक्टर किंवा पडदा स्वतः. दोन्ही वेळा स्थिर राहिला, तर सेन्सरकडे आणि पेट्रोलकडे वळावे. या परीक्षेत खरा दाब दिसत नसतो, म्हणून ती जमिनीवरच करायची आणि वायर परत जोडल्याची खूण कागदावर लिहून ठेवायची.

अर्थ तपासताना मल्टिमीटर ओहमावर लावून बघणारे पुष्कळ आहेत. त्याने फसगत होते, कारण सात तारांपैकी सहा तुटलेली वायरसुद्धा मीटरला निरोगी दिसते. त्यापेक्षा मीटर व्होल्टवर ठेवा, एक टोक इंजिनाच्या स्वच्छ खरवडलेल्या धातूवर आणि दुसरे पडद्याच्या अर्थवर धरा आणि सगळे विजेचे भार एकामागून एक चालू करा. आकडा काही शतांश व्होल्टच्या वर जाता कामा नये. माझ्या एका परिचिताच्या विमानात तो ०.२३ व्होल्ट निघाला. फायरवॉलवरचा अर्थचा बोल्ट सोडला तेव्हा थिंबलखाली आमच्याकडच्या काळ्या मातीची पीठासारखी धूळ आणि पहिल्या पावसाचे पाणी यांचा सुकलेला थर होता, वर हिरवट बुरशी चढलेली होती, आणि थिंबल साध्या पकडीने दाबलेले होते, थिंबल दाबण्याच्या पंचने दाबलेले नव्हते. वायर बोटांनी ओढली तर निघून हातात आली. नवे थिंबल योग्य पंचने दाबून, खालचा धातू चकचकीत करून, दातेरी वॉशर घालून ते आवळल्यावर तोच आकडा ०.०१ झाला.

आता सेन्सरच्या जागेविषयी. तो इंजिनावर थेट बसवलेला आहे हे मला आकड्यापेक्षा जास्त खटकते. हे सेन्सर वजनदार असतात. पितळी जोडावर लटकणारे असे वजन तासन्‌तास हलत राहिले की जोडाच्या आट्यांच्या मुळाशी बारीक चीर पडते, आणि ती चीर एक्झॉस्टच्या वर दाबाखालचे पेट्रोल शिंपडते. सेन्सर फायरवॉलवर पट्ट्याने बांधावा, इंजिनापासून तिथपर्यंत आगरोधक आवरणाचा लवचिक होज आणावा, आणि होजच्या इंजिनाकडच्या टोकाला बारीक छिद्राचा निरोधक जोड बसवावा. हा जोड दोन कामे करतो: होज कुठे फुटलाच तर गळती धारेऐवजी थेंबांवर येते, आणि पंपाचे हिसके सेन्सरपर्यंत पोचण्याआधी मऊ होतात.

हिसक्यांचे मोजमापही समजून घेण्यासारखे आहे. या इंजिनाचा यांत्रिक पंप गिअरबॉक्सवर असतो आणि पंख्याच्या दांड्यावरच्या विकेंद्री चाकाने हलतो. इंजिन मिनिटाला ५००० फेरे फिरत असताना २.४३ च्या गिअरमुळे पंखा सुमारे २०६० फेरे फिरतो, म्हणजे पंपाच्या आतला लवचिक डायफ्रॅम सेकंदाला ३४ वेळा धडकतो. कॉकपिटमधला पडदा त्या मानाने सेकंदातून मोजक्याच वेळा आकडा उचलते. कधी धडकेच्या माथ्यावर, कधी पायथ्याशी. त्यामुळे एखाद्या विशिष्ट वेगाला आकडा संथपणे वर-खाली होताना दिसतो आणि वेग शंभर फेऱ्यांनी बदलला की ती लय मोडते. वेगाबरोबर बदलणारी अशी लय दिसली तर ती धडकांची आहे असे समजावे. उलट इंजिन बंद ठेवून फक्त मदतनीस पंप लावल्यावरही आकडा तसाच नाचत असेल, तर यांत्रिक पंपाचा त्यात हात नाही. काहीजण पडद्याच्या सेटिंगमध्ये सरासरीचा काळ वाढवून आकडा शांत करतात. निरोधक बसवल्यानंतर थोडी सरासरी ठेवायला माझी हरकत नाही. दोष शोधण्याआधी ठेवायला आहे. आणि धोक्याच्या दिव्याची मर्यादा सैल करून तो विझवणे याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

उड्डाणाची नोंद पडद्यातून काढता येत असेल तर ती काढून आलेख पाहावा. पेट्रोलचा दाब एका सेकंदात ०.३ वरून शून्यावर आणि पुढच्या सेकंदात पुन्हा ०.३ वर येत नाही. असे उभे सुळके विजेचेच असतात. पाच-दहा मिनिटांची उतरण दिसली तर ती वाफेची, गाळणीची, हवानळीची किंवा उंचीची.

उंचीची म्हणजे काय, ते सांगायला हवे, कारण नवा सेन्सर घेताना इथे अनेकांचा पाय घसरतो. काही सेन्सर बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब मोजतात, तर काहींच्या पोटात समुद्रसपाटीची हवा कायमची बंद केलेली असते. दुसऱ्या प्रकाराला १० बारच्या तेलात काही फरक पडत नाही, पण पाव बारच्या हिरव्या पट्ट्यात फार पडतो. आपल्या भागातून, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवरून, आपण सातपुड्याच्या कडेने हजार मीटर वर चढलात की हवेचा दाब सुमारे ०.११ बारने घटतो आणि बंद पोटाचा सेन्सर इंधनदाब तेवढाच कमी दाखवतो. खरा दाब ०.२५ असताना पडद्यावर ०.१४ दिसणार आणि तांबडा दिवा लागणार. ओळखण्याची खूण अशी: खाली उतरताना आकडा आपोआप, त्याच उंचीला त्याच ठिकाणी परत येतो, वाफेचा दोष असा हिशेबाने परत येत नाही. हवेशी तुलना करणाऱ्या सेन्सरला श्वासाचे एक बारीक छिद्र असते. ते सिलिकॉनने लिंपून टाकले की चांगला सेन्सरही बंद पोटाचा होतो. आपल्यासाठी ० ते १ बार, फार तर ० ते २ बार पल्ल्याचा, हवेशी तुलना करणारा, तीन वायरींचा सेन्सर मी सुचवेन. अर्ध्या व्होल्टपासून साडेचार व्होल्टपर्यंत बोलणारा १ बारचा सेन्सर घेतला, तर अर्थमध्ये ०.१ व्होल्टची गडबड झाली तरी आकडा ०.०२५ बारनेच ढळतो, आणि त्याची अर्थ स्वतःच्या वायरने थेट पडद्याकडे येत असल्यामुळे ती गडबडही सहसा होत नाही. आपला पडदा तो सेन्सर ओळखतो का, हे घेण्याआधी पाहावे.

सेन्सर जुना असो की नवा, तो खरे बोलतो का हे घरी तपासण्याची एक युक्ती मला फार उपयोगी पडली आहे. डॉक्टरांकडे असते तसे तबकडीचे रक्तदाबयंत्र घ्या. त्याची तबकडी पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरपर्यंत असते, आणि ३०० मिलिमीटर म्हणजे बरोबर ०.४ बार, आपल्या इंजिनाचा हिरवा पट्टा जणू त्या तबकडीवरच आखलेला आहे. दंडाचा पट्टा सोडवून, तबकडी, रबरी फुगा आणि सेन्सर हे तिघे एका टी-जोडाने नळीवर आणा. सेन्सर विमानातून काढून, पूर्ण वाळवून, पेट्रोलपासून दूर टेबलावर ठेवा. त्याला वायरने पडद्याशी जोडा आणि एकाच वायरचा असेल तर त्याच्या बॉडीलाही पडद्याची अर्थ द्या. फुगा दाबून काटा ११३ वर आणा: पडद्यावर ०.१५ हवे. २२५ वर ०.३, ३०० वर ०.४. मग झडप हळूहळू सोडत उतरताना तेच आकडे पुन्हा लिहा. चढताना आणि उतरताना वेगळे आकडे आले तर सेन्सर आतून घासतो आहे. आपला १० बारचा सेन्सर या परीक्षेत बहुधा ११३ ला ०.०५ तरी किंवा ०.३ तरी दाखवील, कारण पूर्ण पल्ल्याच्या दोन टक्क्यांची चूकसुद्धा त्याच्या बाबतीत ०.२ बार होते. यंत्र डॉक्टरांकडून उसने आणू नये, नवेच घ्यावे. वाहनाच्या पेट्रोलचा वास लागलेली नळी रुग्णाच्या दंडाला लावणे बरे नव्हे.

आता तिसऱ्या तक्रारीकडे येतो. दुपार, पाऊण तास, सावकाश उतरण आणि मदतनीस पंपाने सुधारणा, ही चारही लक्षणे खऱ्या दाबाची आहेत. मदतनीस पंप लावल्याने खराब अर्थ सुधारत नाही, उलट बिघडते. इंजिन अडखळले नाही याचे समाधान मानू नये. कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडे पेट्रोल साठलेले असते आणि सुई अर्धवट भागवून नेते. ०.१ बारवर ते भागले, याचा अर्थ पूर्ण शक्तीवर चढताना भागेल असा होत नाही.

आपल्याकडे डिझेल इंजिनाने पाणी उपसणारा प्रत्येक शेतकरी “इंजिनाने एअर धरली” हे वाक्य बोलतो. आपल्या विमानात तेच घडत असावे, फक्त एअरच्या जागी पेट्रोलची वाफ आहे. पेट्रोल पाण्यासारखे एका ठरावीक अंशाला उकळत नाही. त्यातले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच वाफ होऊ लागतात, आणि नळीत ओढ असेल तर त्याहून आधी. खालच्या पंखाच्या विमानात टाकी खाली आणि पंप वर, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी नळी ओढीखाली असते. भुसावळ-जळगावचा उन्हाळा ४५ अंशांना पोचतो, आणि काउलिंगच्या, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाच्या, आत त्यावर आणखी कितीतरी चढतात. मदतनीस पंप फायरवॉलवर, त्या उष्णतेत आणि टाकीच्या वर बसवला आहे, हे आपल्या मांडणीतले दुसरे वैगुण्य. पंप ओढण्यापेक्षा ढकलण्यात चांगला असतो. त्याला टाकीजवळ, टाकीच्या पातळीला खाली नेला तर पंपापासून इंजिनापर्यंतची सगळी नळी दाबाखाली येते आणि वाफ धरायला जागा उरत नाही.

परतीची नळी बसवली आहे का, हे आपण कळवलेले नाही. या इंजिनात कार्ब्युरेटरांच्या जवळून एक बारीक नळी टाकीकडे परत जाते आणि तिच्यात ०.३५ मिलिमीटर छिद्राचा जेट, म्हणजे प्रवाह आवळणारा जोड, असतो. त्यातून वाफ आणि थोडे गरम पेट्रोल सतत निघून जाते. नळीच नसेल तर वाफ अडकते. नळी आहे पण जेट घालायचा राहून गेला असेल, तर निम्मे पेट्रोल टाकीकडे पळते आणि दाब कायम खालच्या काठावर राहतो. दोन्ही चुका मी पाहिल्या आहेत, आणि दुसऱ्या चुकीत नवा पंप दोनदा बदललेला पाहिला आहे.

त्याच बैठकीत टाकीची हवानळी, म्हणजे पेट्रोल उपसले जाईल तशी टाकीत हवा घेणारी नळी, तपासावी. आपल्याकडे कुंभारमाशी हँगरमध्ये उभ्या विमानाच्या नळीत मातीचे घर एका आठवड्यात बांधते. हवा आत जाऊ शकली नाही की टाकीत ओढ तयार होते आणि दाब अगदी आपल्यासारखाच, अर्ध्या तासाने, हळूहळू उतरतो. उतरल्याबरोबर टाकीचे झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा “फस्स” आवाज आला तर दुसरे काही शोधू नका. उभ्या विमानाच्या नळीवर बारीक जाळी आणि लाल फीत लावावी, आणि ती फीत उड्डाणाआधीच्या तपासणीच्या कागदावर लिहावी. गाळण्या उघडून पाहाव्यात. ओढीच्या बाजूचे प्रत्येक जोडही पाहावे: तिथला सैल क्लिप पेट्रोल गळू देत नाही, हवा आत घेतो, म्हणून तो डोळ्यांना कोरडा आणि निर्दोष दिसतो.

पेट्रोल कोणते भरता, हाही प्रश्न आहे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ मध्ये विक्रीला आले आणि २०२५ पर्यंत देशभरातल्या पंपांवर पोचले. या इंजिनाला उत्पादकाने १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य केले आहे. रस्त्यावरच्या पंपाचे पेट्रोल भरत असाल, तर मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी घेऊन त्यावर १०० मिलिलिटर पेट्रोल ओता, झाकून जोरात हलवा आणि स्थिर होऊ द्या. इथेनॉल पाण्यात उतरते. खालचा थर १० वरून ३० च्या जवळ गेला तर ते वीस टक्क्यांचे पेट्रोल आहे. असे पेट्रोल जुन्या रबरी नळ्यांना आतून फुगवते, फायबरच्या टाकीचा लेप मऊ करून सोलते, आणि ती सोलपटे गाळणीत येऊन बसतात. नळ्या कापून आतली बाजू बोटाने घासून पाहा. काळे लागले तर सगळ्या बदला.

उष्णतेवरचे उपाय साधे आहेत: एक्झॉस्टजवळच्या नळ्यांना आगरोधक आवरण, मध्ये पत्र्याची ढाल, यांत्रिक पंपावर बाहेरची हवा आणणारी एक लवचिक नळी, आणि उतरल्यावर विमान वाऱ्याकडे तोंड करून, काउलिंगवरचे तेल तपासण्याचे झाकण उघडे ठेवून उभे करणे. हे सगळे झाल्यावर प्रवाहाची परीक्षा घ्यावी. या इंजिनाला पूर्ण शक्तीवर तासाला सुमारे २७ लिटर लागतात. पंपाच्या मांडणीत त्याच्या सव्वापट, म्हणजे तासाला ३४ लिटर, मिनिटाला साडेपाचशे ते सहाशे मिलिलिटर मिळायलाच हवेत. नाक चढणीच्या कोनात उचलून, टाकीत अगदी थोडे पेट्रोल ठेवून, कार्ब्युरेटरकडचा होज सोडून मोजपात्रात धार धरा. मोकळ्या जागेत, विमान आणि पात्र दोन्ही अर्थ करून, अग्निशामक हाताशी ठेवून. भर दुपारी धरा, सकाळच्या गारव्यात नव्हे. दोष दुपारचा आहे.

कामाचा क्रम मी असा ठेवीन: आधी झाकण, हवानळी, गाळण्या आणि परतीचा जेट, कारण त्यांना एक सकाळ लागते, मग रेझिस्टरची परीक्षा आणि अर्थ, मग नवा सेन्सर फायरवॉलवर आणि त्याची रक्तदाबयंत्रावरची तपासणी, शेवटी मदतनीस पंपाची जागा. प्रत्येक बदल एकेकटा करावा आणि मध्ये इंजिन चालवून पाहावे. इंधनव्यवस्थेतला बदल लॉगबुकात नोंदवून परवानाधारक अभियंत्याची सही घेतल्याशिवाय विमान हलवू नये. त्यानंतर एप्रिल-मेच्या दुपारी जमिनीवर पाऊण तास इंजिन चालवावे, त्यातली शेवटची काही मिनिटे, तापमाने मर्यादेत असतील तर, पूर्ण शक्तीवर. आणि पहिले उड्डाण धावपट्टीच्या डोक्यावर घिरट्या घालतच करावे.

रेझिस्टरच्या दोन्ही फेऱ्यांतले आकडे, इंजिन आणि पडदा यांच्या अर्थमधले व्होल्ट, परतीच्या नळीत जेट सापडला की नाही, आणि झाकण उघडताना आवाज आला का, एवढ्या चार गोष्टी कळवल्यात तर पंपाविषयी मला नेमके सांगता येईल.